प्रत्यारोपणानंतरचे तोंड आणि तांबड्या प्रकाशाचा उपचार

रक्ताच्या कर्करोगावर किंवा अस्थिमज्जेच्या एखाद्या गंभीर विकारावर मूलपेशी प्रत्यारोपण करायचे ठरते, तेव्हा रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना मुख्यतः दोन गोष्टींची धास्ती असते : रोग उलटण्याची आणि जंतुसंसर्गाची. मात्र या उपचारातून बाहेर पडलेल्यांना सर्वाधिक त्रास कशाचा झाला असे नंतर विचारले, तर त्यांतील पुष्कळजण तोंडाचे नाव घेतात, असे अशा पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. ‘तोंड येणे’ हा घरोघरी ठाऊक असलेला किरकोळ त्रास असल्यामुळे या तक्रारीचे गांभीर्य बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. येथे ओठांच्या आतील बाजूपासून घशापर्यंतचे अस्तर सोलवटून निघते, थुंकी गिळणेही नकोसे होते आणि काही दिवस मॉर्फिनसारख्या औषधांच्या आधाराने काढावे लागतात. या त्रासावर तांबड्या प्रकाशाचा उपचार गेल्या तीन दशकांत हळूहळू मान्यता पावला. तो कोणत्या अवस्थेत उपयोगी पडतो, कोणत्या अवस्थेत त्याच्याविषयी सावधपणे बोलावे लागते आणि प्रकाश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या काही उपचारांशी त्याची गल्लत का होऊ देऊ नये, हे समजून घेण्यासाठी प्रथम प्रत्यारोपणात शरीराचे काय होते ते पाहावे लागते.

हाडांच्या पोकळीतील मऊ गराला अस्थिमज्जा म्हणतात आणि तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका या तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी ज्या मूळ पेशींपासून तयार होतात, त्या मूलपेशींचे मुख्य वसतिस्थान तेच असते. प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाला किमोथेरपीच्या औषधांची फार मोठी मात्रा, आणि काही वेळा सर्वांगाला किरणोत्सर्ग, देऊन रोगट पेशी व त्यांच्याबरोबर रुग्णाची स्वतःची मज्जाही नष्ट केली जाते. या तयारीच्या टप्प्याला डॉक्टर ‘कंडिशनिंग’ म्हणतात. त्यानंतर ज्या दिवशी मूलपेशी शिरेवाटे रक्तात सोडल्या जातात तो ‘शून्य दिवस’ मानून पुढचे सारे दिवस त्यावरून मोजले जातात. मूलपेशी रुग्णाच्या स्वतःच्या, आधी काढून गोठवून ठेवलेल्या असतील तर ते स्वकीय प्रत्यारोपण होय. मल्टिपल मायलोमा या रोगात प्रामुख्याने ते केले जाते. पेशी भावाबहिणीच्या किंवा अन्य दात्याच्या असतील तर ते परकीय प्रत्यारोपण होय, आणि ल्युकेमिया, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया यांसारख्या विकारांत त्याचा आधार घेतला जातो. ई. डॉनल थॉमस या अमेरिकी वैद्यकाने 1950च्या दशकात सुरू केलेल्या या कामासाठी त्यांना 1990 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले आणि आज त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात प्रत्यारोपणाचा स्वतंत्र विभाग चालतो.

कंडिशनिंगची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. परंतु अशा पेशी केवळ रोगातच असतात असे नाही. तोंडाच्या आतील अस्तर, म्हणजे श्लेष्मल त्वचा, रोजच्या घासाघाशीमुळे सतत झिजत असते आणि तिच्या तळाच्या थरातील पेशी अखंड विभागून एक-दोन आठवड्यांत तिची जागा नव्याने भरून काढत असतात. तळाच्या पेशींचे विभाजन थांबले की वरची झीज भरून निघत नाही, अस्तर पातळ होते व शेवटी फाटते, असे साधे स्पष्टीकरण पूर्वी दिले जात असे. अमेरिकी संशोधक स्टीफन सोनिस यांनी 2004 साली सविस्तर मांडलेल्या पाच टप्प्यांच्या चित्राने ही समजूत बदलली. त्यानुसार औषध शरीरात जाताच पेशींमध्ये ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे तयार होतात, अस्तराखालच्या थरातील पेशींना व सूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही इजा पोहोचते, दाह पेटवणारे जनुकीय संदेश सुटतात आणि ते संदेश एकमेकांना वाढवत नेतात. त्यानंतर कुठे चौथ्या टप्प्यात डोळ्यांना दिसणारा व्रण उमटतो आणि पाचव्यात तो भरू लागतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, व्रण दिसेपर्यंत बिघाडाचे बरेचसे काम उरकलेले असते, आणि म्हणूनच जो उपाय करायचा तो तोंड चांगले दिसत असतानाच सुरू करावा लागतो. प्रकाशोपचाराचे बहुतेक यशापयश या एका मुद्द्याशी निगडित आहे.

या विकाराला वैद्यकात ‘म्यूकोसायटिस’ म्हणतात. मूलपेशी दिल्यानंतर साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास तोंडात लाली व चुरचुर सुरू होते, दुसऱ्या आठवड्यात त्रास शिगेला पोहोचतो आणि नव्या मज्जेतून पांढऱ्या पेशी रक्तात येऊ लागल्या की व्रणही भरू लागतात. त्याची तीव्रता मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली शून्य ते चार अशी पायरीवार मोजणी वापरली जाते : पहिल्या पायरीवर केवळ लाली व दुखणे असते, दुसऱ्या पायरीवर व्रण असूनही मऊ भात-पोळी खाता येते, तिसऱ्या पायरीवर पेज, ताक, दूध असे पातळ पदार्थच घशाखाली उतरतात आणि चौथ्या पायरीवर तोंडाने काहीच घेता येत नाही, त्यामुळे पोषण शिरेतून द्यावे लागते. दुःख एवढ्यावर थांबत नाही. ज्या दिवसांत अस्तर फाटलेले असते नेमक्या त्याच दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर आलेल्या असतात. एरवी तोंडात निरुपद्रवीपणे राहणारे स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू त्या फटीतून रक्तात शिरले की ताप, रक्तदोष आणि प्रसंगी प्राणावर बेतणारे संकट ओढवते. परकीय प्रत्यारोपणात पुढील गुंतागुंत टाळण्यासाठी पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या व अकराव्या दिवशी मेथोट्रेक्झेट हे औषध देण्याची पद्धत आहे. आधीच हुळहुळलेल्या अस्तरावर त्याचाही भार पडतो, आणि तोंड फारच बिघडले तर त्याची शेवटची मात्रा वगळण्याचा अवघड निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागतो.

प्रकाशाकडे वळण्यापूर्वी आणखी दोन उपायांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण त्यांतील एक जवळजवळ फुकट आहे. मायलोमाच्या प्रत्यारोपणात मेल्फालान हे औषध दिले जाते आणि ते रक्तात फार वेळ टिकत नाही. औषध देण्याच्या थोडे आधीपासून ते संपल्यानंतर काही वेळापर्यंत रुग्णाने बर्फाचे तुकडे तोंडात घोळवत ठेवले, तर गारव्याने तेथील रक्तवाहिन्या आकसतात, अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते आणि व्रणांची तीव्रता स्पष्टपणे घटते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या उपायाला मानाचे स्थान आहे. ज्या औषधांचा अंमल दिवसेंदिवस टिकतो त्यांच्या बाबतीत मात्र बर्फ कामाचा नाही. दुसरा उपाय म्हणजे पॅलिफर्मिन हे अस्तराच्या पेशींची वाढ चेतवणारे प्रथिन. अमेरिकेत 2004 साली त्याला मान्यता मिळाली, परंतु त्याची किंमत पाहता आपल्याकडच्या सर्वसाधारण रुग्णासाठी ते केवळ पुस्तकातच राहते. याखेरीज प्रत्यारोपणापूर्वी दंतवैद्याकडून किडलेले व हलणारे दात, हिरड्यांतील पू यांचा बंदोबस्त करून घेणे ही सर्वत्र मान्य असलेली पूर्वतयारी आहे. महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा आणि मशेरी यांनी आधीच खरखरीत झालेल्या तोंडांची संख्या लक्षात घेता, येथे ती तपासणी अधिकच काटेकोरपणे व्हायला हवी.

प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना नवी नाही. डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशकिरणांचा उपचार केल्याबद्दल 1903 साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पण ते किरण वर्णपटाच्या जांभळ्या व त्यापलीकडच्या अतिनील टोकाचे होते. गंमत अशी की याच फिन्सेन यांनी देवीच्या रुग्णांना तांबड्या काचांच्या खोलीत ठेवण्याचा पुरस्कार केला होता, मात्र त्यात तांबड्या प्रकाशाला काही गुण असल्याचा दावा नव्हता, अपायकारक जांभळे किरण अडवणे एवढाच हेतू होता. तांबड्या प्रकाशाचा स्वतःचा परिणाम ध्यानात आला तो लेसरचा शोध लागल्यानंतर. 1960 साली पहिला रूबी लेसर तयार झाला आणि 1967च्या सुमारास बुडापेस्ट येथील शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर यांना, अंगावरचे केस भादरलेल्या उंदरांवर रूबी लेसरचे मंद किरण सोडले असता तेथील केस अधिक लवकर उगवतात, असे आढळले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर त्याचा प्रयोग केला. त्यानंतरच्या काळात या उपचाराला बरीच नावे मिळाली. कमी शक्तीचा लेसर, थंड लेसर, मृदू लेसर अशी ती होती. आज लेसरइतकेच एलईडी दिवेही वापरले जात असल्यामुळे ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. त्यात ऊतक जाळणे, कापणे किंवा तापवणे अजिबात अभिप्रेत नाही. उपचार चालू असताना रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. कदाचित त्यामुळेच वैद्यकातील जाणकारांनी बरीच वर्षे त्याकडे संशयाने पाहिले, आणि बाजारात त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तू पाहिल्या तर तो संशय अगदीच अनाठायी होता असे म्हणता येत नाही.

या प्रकाशाने पेशीत काय घडते याविषयीचा सर्वांत स्वीकारला गेलेला सिद्धांत पेशीतील तंतुकणिकांशी जोडलेला आहे. अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात, म्हणजे एटीपी या रेणूच्या रूपात, साठवण्याचे काम तंतुकणिका करतात आणि या कामातील रासायनिक क्रियांच्या साखळीच्या अखेरच्या टप्प्यावर ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’ नावाचे विकर असते. या विकरात तांबे व लोह यांची केंद्रे असून ती साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबडा आणि त्याच्या लगतचा अवरक्त, प्रकाश शोषून घेतात. इजा झालेल्या पेशीत नायट्रिक ऑक्साइडचा रेणू या विकराला चिकटून त्याचे काम मंदावतो. प्रकाश पडला की तो सुटतो, ऑक्सिजनचा वापर पुन्हा सुरळीत होतो, एटीपी वाढते आणि अल्प प्रमाणात उठलेल्या रासायनिक संदेशांमुळे दुरुस्तीची जनुके जागी होतात, अशी ही उपपत्ती आहे. सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडने रक्तवाहिन्या रुंदावतात, दाह पेटवणाऱ्या संदेशांना आळा बसतो आणि वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंचा आवेगही काहीसा मंदावतो. सर्व तपशिलांवर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, आणि एकट्या विकरावर सारे श्रेय टाकणे घाईचे होईल असे मानणाराही एक गट आहे. तथापि सोनिस यांच्या चित्रातील पहिले तीन टप्पे आणि प्रकाशाचे हे परिणाम एकमेकांसमोर ठेवले, तर उपचार व्रणापूर्वीच का सुरू करावा याचे उत्तर आपोआप मिळते.

या उपचाराची खरी अवघड बाजू मात्रेची आहे. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, प्रकाशाच्या बाबतीत ते गणित दरवेळी करावे लागते. समजा, यंत्राची शक्ती 100 मिलिवॅट आहे आणि ते एका ठिकाणी 20 सेकंद धरले, तर एकूण ऊर्जा 2 ज्यूल होते. पावशेराहून थोडे कमी वजन मीटरभर उंच उचलायला लागते त्याच्या आसपासची ही ऊर्जा आहे. ती एक चौरस सेंटिमीटर जागेवर पसरली तर मात्रा चौरस सेंटिमीटरला 2 ज्यूल भरते. परंतु टोकाचे छिद्र बारीक असून प्रकाश केवळ 0.04 चौरस सेंटिमीटरवर पडला, तर तीच ऊर्जा चौरस सेंटिमीटरला 50 ज्यूल होते. दोन रुग्णालये कागदावर एकच आकडा लिहूनही प्रत्यक्षात पंचवीसपट वेगळा उपचार देऊ शकतात, ते असे. भरीस भर म्हणजे येथे जास्त ते चांगले हा न्याय लागू पडत नाही. अल्प मात्रेने पेशी चेतते, त्याहून बऱ्याच मोठ्या मात्रेने परिणाम शून्यावर येतो किंवा उलटा होतो, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसत, त्याचे एक मोठे कारण येथे सापडते. तरंगलांबी, शक्ती, टोकाचे क्षेत्रफळ, प्रत्येक जागेचा वेळ आणि जागांची संख्या हे पाचही आकडे ज्या अहवालात नाहीत तो अहवाल, त्याचा निष्कर्ष कितीही आशादायक असला तरी, दुसऱ्या कोणाला पडताळता येत नाही.

असे असूनही प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरील पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. फ्रान्स व अमेरिका येथे 1990च्या दशकात हीलियम-निऑन लेसरच्या 632.8 नॅनोमीटरच्या प्रकाशावर पहिल्या चाचण्या झाल्या. काही ठिकाणी रुग्णाच्या तोंडाच्या एका बाजूला खरा आणि दुसऱ्या बाजूला लटका उपचार देऊन तुलना केली गेली, आणि ही पद्धत तोंडासाठी सोयीची आहे, कारण दोन्ही बाजूंना मिळालेली औषधे आणि पांढऱ्या पेशींची स्थिती एकच असते. सिएटल येथे 70 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 650 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश, 780 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आणि लटका उपचार यांची तुलना झाली. त्यात तांबड्या प्रकाशाच्या गटात वेदना कमी आढळल्या, अवरक्ताने तसा लाभ दिसला नाही. भारतातही या विषयावर उल्लेखनीय काम झाले आहे, मात्र ते डोके व मान यांच्या कर्करोगासाठी किरणोत्सर्ग व किमोथेरपी एकत्र घेणाऱ्या रुग्णांवर : मणिपालच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दोनशेहून अधिक रुग्ण होते आणि लेसर घेतलेल्यांमध्ये तीव्र व्रण व वेदनाशामकांची गरज लक्षणीयरीत्या कमी होती. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2018 साली हा उपचार नेहमीच्या व्यवहारात वापरण्याजोगा पुरावा असल्याचे म्हटले. त्यानंतर कर्करोगातील आधारोपचारांवर काम करणाऱ्या ‘मॅस्क’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या सूचनांत, प्रत्यारोपणापूर्वी मोठ्या मात्रेची किमोथेरपी घेणाऱ्या प्रौढांसाठी तो प्रतिबंधक उपाय म्हणून शिफारस केला गेला. शिफारस प्रतिबंधासाठी आहे, हे येथे अधोरेखित करण्याजोगे आहे.

वॉर्डातील प्रत्यक्ष पद्धत अशी असते. कंडिशनिंग सुरू होताच किंवा ते संपताच रोज एकदा, मूलपेशी दिल्यानंतर काही दिवसांपर्यंत उपचार केला जातो. रुग्ण, उपचार करणारा आणि खोलीतील इतर सर्वजण त्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारे चष्मे घालतात, कारण लेसरचा मंद किरणही डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. पेनासारख्या दिसणाऱ्या टोकावर दर रुग्णाला नवे पारदर्शक वेष्टन चढवले जाते आणि ते ओठांची आतील बाजू, गाल, जिभेच्या कडा व तिच्या खालचा भाग, तोंडाचा तळ आणि मऊ टाळू येथे ठरावीक अंतराने टेकवले जाते. कठीण टाळू, हिरड्या आणि जिभेचा पृष्ठभाग सहसा वगळतात, कारण तेथील अस्तर जाड व कठीण आवरणाचे असून म्यूकोसायटिस तेथे क्वचितच होतो. तेथे व्रण दिसले तर ते नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणूचे असण्याची शंका घेऊन तपासणी करावी लागते. हा उपचार जेथपर्यंत प्रकाश पोहोचतो तेथपर्यंतच काम करतो, हेही रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. अन्ननलिका आणि आतडी यांचे अस्तर त्याच औषधांनी त्याच वेळी सोलले जात असते, त्यामुळे तोंड सुस्थितीत असूनही जुलाब व पोटदुखी होऊ शकते. लहान मुलांना तोंड उघडून बसवणे अवघड जाते म्हणून गालाच्या बाहेरून एलईडी दिव्यांचा प्रकाश देण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यात त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग वाटेतच शोषून घेते, तेव्हा गोऱ्या कातडीच्या मुलांवर ठरवलेली मात्रा सावळ्या मुलांना जशीच्या तशी लागू करणे योग्य ठरणार नाही.

येथपर्यंतचे विवेचन पहिल्या महिन्यापुरते झाले. परकीय प्रत्यारोपणात काही महिन्यांनी तोंड पुन्हा बिघडू शकते, आणि तो आजार वेगळा असतो. दात्याच्या मज्जेतून आलेल्या लसीका पेशी रुग्णाचे शरीर परके मानून त्यावर हल्ला करतात. या विकाराला वैद्यकीय व्यवहारात ‘जीव्हीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते, आणि त्याच्या जुनाट प्रकारात त्वचा, डोळे, यकृत, फुप्फुसे यांबरोबर तोंडालाही निम्म्याहून अधिक रुग्णांत झळ पोहोचते. गालाच्या आत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात, त्यांच्या आजूबाजूला लाली व व्रण दिसतात, टाळूवर लाळेचे बारीक फोड येऊन फुटतात, लाळग्रंथी सुकल्यामुळे तोंडाला कोरड पडते आणि काही रुग्णांत तोंडाभोवतीची कातडी आखडून जबडा पुरता उघडत नाही. म्यूकोसायटिस दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, हा विकार वर्षानुवर्षे रेंगाळतो. आमटीतील साधी फोडणी, लिंबाची फोड, पुदिन्याच्या वासाची टूथपेस्ट यांनी तोंडाची आग होते, तेव्हा ज्या घरात ठेच्याशिवाय जेवण होत नाही तेथे त्या माणसाचे ताट कायमचे वेगळे पडते.

या दुसऱ्या आजारात स्टेरॉइडच्या गुळण्या, क्लोबेटासोल किंवा टॅक्रोलिमसचे लेप आणि गरजेनुसार सर्वांगावर परिणाम करणारी औषधे हाच मुख्य उपचार आहे. 2017 ते 2021 या काळात इब्रुटिनिब, बेलुमोसुडिल व रुक्सोलिटिनिब ही औषधे अमेरिकेत जुनाट जीव्हीएचडीसाठी मान्य झाली. ज्यांच्या तोंडाला या साऱ्यांनी पुरता आराम पडत नाही अशा थोड्या रुग्णांवर तांबड्या व अवरक्त प्रकाशाचा उपचार करून पाहिला गेला, आणि वेदना, कोरडेपणा व तोंडाचे आखडणे कमी झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत. परंतु काही मोजक्या रुग्णांच्या नोंदी आणि लटक्या उपचाराशी तुलना करणारी चाचणी यांत मोठे अंतर असते, कारण या विकारात चढउतार आपोआपही होतात आणि रुग्ण त्याच वेळी दुसरी औषधे घेतच असतो. येथे मुळाशी औषधाची एकवेळची इजा नसून प्रतिकारशक्तीचा अखंड चाललेला हल्ला आहे, तेव्हा अस्तराच्या पेशींना बळ देऊन लाभ झाला तरी तो हल्ला थांबत नाही. पहिल्या आजारातील यशाचा हवाला देऊन दुसऱ्या आजारात तीच खात्री देणे म्हणूनच गैर आहे. पूरक उपचार म्हणून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि मूळ औषधे न थांबवता तो करून पाहण्यास हरकत नसावी, इतकेच आजच्या माहितीवर म्हणता येते.

गोंधळ वाढण्याचे आणखी एक कारण असे की, जीव्हीएचडीवर पूर्वीपासून वापरात असलेले ‘प्रकाशाचे’ उपचार वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाचे आहेत आणि त्यांचा हेतूही उलटा आहे. सोरॅलेन वर्गातील द्रव्य पेशींत भिनवून त्यांवर अतिनील ‘अ’ किरण सोडले की ते द्रव्य पेशीच्या डीएनएला घट्ट चिकटते आणि हल्ला करणाऱ्या लसीका पेशी मरतात. कोडावर आयुर्वेदात वापरली जाणारी बावची ही वनस्पती सोरॅलेनचाच एक साठा आहे, आणि बावची लावून उन्हात बसण्याच्या जुन्या उपचारामागची रसायनक्रिया हीच आहे. या तत्त्वावर त्वचेच्या, आणि काही केंद्रांत तोंडाच्याही, जीव्हीएचडीवर उपचार केले गेले. त्याचेच प्रगत रूप म्हणजे फोटोफेरेसिस : यात रुग्णाचे रक्त यंत्रात घेऊन पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, त्यांत सोरॅलेन मिसळून अतिनील किरण सोडतात आणि त्या पेशी पुन्हा शरीरात परत करतात. तांबडा प्रकाश पेशी जगवण्यासाठी आहे, अतिनील प्रकाश निवडक पेशी मारण्यासाठी. त्यातही अतिनील किरणांनी डीएनएला पोहोचणारी इजा कर्करोगाला निमंत्रण देऊ शकते, म्हणून त्याची एकूण मात्रा आयुष्यभर मोजत राहावी लागते.

कर्करोगाचा प्रश्न तांबड्या प्रकाशालाही सुटलेला नाही, फक्त तो वेगळ्या प्रकारे विचारावा लागतो. तांबड्या प्रकाशकणांत डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते. परंतु जो प्रकाश निरोगी पेशीला चेतवतो तो लपलेल्या कर्कपेशीला चेतवणार नाही कशावरून, ही शंका रास्त आहे. काचपात्रातील कर्कपेशींवरचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. रुग्णांवरील अभ्यासांत मात्र या उपचारामुळे रोग उलटल्याचे किंवा आयुष्य घटल्याचे दिसलेले नाही, आणि डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या ब्राझीलमधील एका अभ्यासात तर लेसर घेतलेल्यांची स्थिती वाईट नव्हे, उलट बरी आढळली. ल्युकेमियासारख्या रोगात कर्कपेशी सहसा तोंडाच्या अस्तरात नसल्याने ही भीती आणखी कमी होते. जीव्हीएचडीचे तोंड मात्र अपवाद आहे. परकीय प्रत्यारोपणातून वाचलेल्यांना, विशेषतः ज्यांच्या तोंडात जुनाट जीव्हीएचडी वर्षानुवर्षे राहिली त्यांना, पुढे तोंडाचा नवा कर्करोग होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो आणि त्याचे प्रारंभीचे पांढरे चट्टे जीव्हीएचडीच्या रेषांसारखेच दिसतात. अशा तोंडात न भरणारा व्रण किंवा जाडसर चट्टा असेल तर प्रथम त्याचा तुकडा काढून तपासणे आणि त्यानंतरच प्रकाशाचा विचार करणे हा क्रम टाळता येण्याजोगा नाही. त्यात तंबाखूची सवय प्रत्यारोपणानंतर पुन्हा जडली असेल तर धोका दुहेरी होतो.

भारतातील अडचण यंत्राच्या किमतीपेक्षा माणसांची अधिक आहे. ब्राझीलमध्ये रुग्णालयात काम करणारे दंतवैद्य हा उपचार करतात आणि या क्षेत्रातील संशोधनाचा मोठा वाटा त्या देशातून आला आहे. मणिपालमध्ये त्यात भौतिकोपचार विभागाचा पुढाकार होता. आपल्या बहुतेक प्रत्यारोपण विभागांत पूर्ण वेळ दंतवैद्य नसतो आणि परिचारिकांच्या हाती आधीच रक्तघटक, प्रतिजैविके व ताप यांची कामे असतात. एका रुग्णामागे रोज वीस-तीस मिनिटे, तीही जंतुविरहित खोलीत, सलग दोन आठवडे द्यायची तर ते काम कोणाचे हे आधी ठरावे लागते, अन्यथा यंत्र कपाटात राहते. त्याच वेळी बाजारात व इंटरनेटवर घरी वापरायचे तांबड्या दिव्यांचे मुखवटे आणि पेने मिळू लागली असून त्यांवर छापलेली शक्ती व प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती यांचा मेळ असतोच असे नाही. पांढऱ्या पेशी शून्यावर असलेल्या रुग्णाच्या तोंडात असे निर्जंतुक न केलेले टोक घालणे तर सरळ धोक्याचे आहे. रुग्णालयातील यंत्राचा प्रकाशही वापराने मंदावतो, म्हणून त्याची शक्ती मापकावर ठरावीक काळाने तपासून नोंदवहीत लिहावी लागते. उपचार घेण्यापूर्वी नातेवाइकांनी ही नोंद, तरंगलांबी आणि दर जागेची मात्रा विचारली तर त्यात वावगे काही नाही. औषधाच्या बाटलीवरचा आकडा वाचण्यासारखेच ते आहे, आणि ज्या विभागात हा उपचार नीट चालतो तेथे त्याचे उत्तर लगेच मिळते.